नवसापलीकडची श्रद्धा

वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत दर सप्टेंबरात मेणाचे हात, पाय, बाहुल्या विकायला येतात. ज्याचं जे दुखतं त्या अवयवाचा मेणाचा आकार माउलीपुढे ठेवायचा आणि बरं होऊ दे म्हणून साकडं घालायचं. रांगेत ख्रिस्ती असतात, तसे हिंदूही असतात. दुखणं धर्म बघून येत नाही.

या माउलीच्या चर्चजवळच, माउंट मेरी रोडवर, शांती अवेदना सदन आहे. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. रोग हटवणारे उपचार संपलेले कॅन्सरचे रुग्ण इथे येतात. जातधर्म विचारला जात नाही, पैसे घेतले जात नाहीत. नवस फळणार नाही हे जिथे दाखल होतानाच जवळपास ठरलेलं असतं, तिथे श्रद्धेला काय काम उरतं?

बरंच उरतं. पण आधी एक सवय मोडायला हवी. आजार हटला नाही की भेटायला आलेलं कुणीतरी म्हणतंच, ‘पारायणात काही राहिलं असेल’, ‘विश्वास कमी पडला’. केमोने आधीच खचलेल्या माणसाला मग आपल्याच मरणाबद्दल अपराधी वाटू लागतं. श्रद्धेच्या नावाने आजाऱ्यावर होणारा हा सर्वांत मोठा अन्याय.

रामकृष्ण परमहंसांचा विश्वास कमी पडला, असं कोण म्हणेल? १८८५ मध्ये त्यांना घशाचा कॅन्सर झाला. पुढे अन्न गिळवेना. नरेंद्राने, म्हणजे पुढच्या विवेकानंदांनी, हट्ट धरला की निदान दोन घास तरी उतरू देत, एवढं कालीमातेला सांगाच. शिष्यांच्या आठवणींत आहे ते असं : त्यांनी मागितलं, तेव्हा मातेने भोवतीच्या सगळ्यांकडे बोट दाखवलं. इतक्या मुखांनी तूच तर जेवतो आहेस. मागितल्याचीच त्यांना लाज वाटली. औषध मात्र त्यांनी नाकारलं नाही. उपचार करणारे डॉ. महेंद्रलाल सरकार विज्ञानाचे कट्टर पुरस्कर्ते होते, रुग्णाशी वाद घालत तासन्‌तास बसत. १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरच्या बागेतल्या घरात परमहंस गेले. दुखणं गेलं नाही, देवाशी असलेलं नातंही तुटलं नाही.

प्रार्थनेने रोग हटतो का, हे अमेरिकेत मोजूनही झालं. बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचा हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होणार की नाही हे ठाऊक नसलेल्यांत प्रार्थना झालेल्या ५२ टक्क्यांना आणि न झालेल्या ५१ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होते आहे हे पक्कं ठाऊक असलेल्यांत ५९ टक्क्यांना. हा योगायोगही असू शकेल, असं संशोधकांनीच म्हटलं. यातून देव हरला असं ठरत नाही, देवाकडे मागायचं काय एवढाच प्रश्न उरतो.

सिसिली सॉन्डर्स यांनी त्याचं उत्तर कामातून दिलं. १९४८ साली लंडनमध्ये वॉर्सॉचा एक ज्यू निर्वासित, डेव्हिड टास्मा, कॅन्सरने मरत होता. त्या तेव्हा हॉस्पिटलात समाजसेविका होत्या. दोघांच्या गप्पांतून मरणाऱ्यांसाठी वेगळ्या घराची कल्पना निघाली. तुमच्या घरात मी एक खिडकी होईन, असं सांगत त्याने ५०० पौंड मागे ठेवले. सॉन्डर्स मनापासून ख्रिस्ती होत्या, पण त्यांनी आधी धडपड केली ती वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनसाठी. त्याकरता तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेतलं. दुखणं उसळायची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध द्यायचं, ही त्यांची शिस्त. देह, मन, घरदार आणि आत्मा यांची वेदना एकच समजून तिच्यावर इलाज करायचा, हा त्यांचा आग्रह. सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ मध्ये उघडलं, त्याचं दार श्रद्धाळूंना तसं नास्तिकांनाही खुलं राहिलं. २००५ साली कॅन्सरनेच त्या गेल्या, आपल्याच हॉस्पिसमध्ये.

वेदनेने तळमळणाऱ्याला नामस्मरण सुचत नाही. म्हणून आधी वेदनाशमन, मग प्रार्थना हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन वर्षानुवर्षं दुर्मीळ करून ठेवलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली.

घरात असा आजारी माणूस असेल तर पोथी वाचा, जपमाळ हातात द्या, त्याच्या आवडीचा अभंग लावा. पण त्याबरोबर डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांबद्दल, स्पष्ट विचारा, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आणि त्याला काय हवं आहे, ते त्यालाच विचारा.