कर्ण खरा, मग बाजूंचे काय?

एका सेंटीमीटरला एक न्यूटन असे प्रमाण धरून पूर्वेकडे ३ सेंटीमीटरचा बाण काढायचा, त्याच्या टोकापासून उत्तरेकडे ४ सेंटीमीटरचा दुसरा. पहिल्याच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत पट्टी लावली की ५ सेंटीमीटर भरतात. आलेख पद्धतीने सदिशांची बेरीज झाली.

वर्गात इथे गुण मिळतात आणि पान उलटले जाते. तत्त्वज्ञांचे भांडण मात्र इथूनच पेटते. हे बाण ज्या वस्तूवरची बले दाखवतात, तिच्यावर खरोखर बले किती? तीनही खरी मानली तर तोच जोर दोनदा मोजला जातो. मग बाजू खऱ्या की कर्ण?

न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’त गतीच्या नियमांपाठोपाठ समांतरभुज चौकोनाचा नियम मांडला, तेव्हा हा प्रश्न तसाच राहिला. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये बाजूंची बाजू घेतली. एक बल उत्तरेला आणि दुसरे पूर्वेला ढकलत असेल, तर वस्तू दोन्हीकडे ठरलेले अंतर पुरेपूर कापते, कोणाचेही काम वाया जात नाही, असे त्याचे म्हणणे. नॅन्सी कार्टराइट यांनी १९८३ मध्ये ते खोडून काढले. ईशान्येला गेलेली वस्तू नीट उत्तरेला एक पाऊलही गेलेली नसते. बेरीज माणूस करतो, निसर्ग नव्हे. शिवाय तो ५ सेंटीमीटरचा बाण ३ आणि ४ चाच कशावरून? त्याला कर्ण मानून हव्या तितक्या जोड्या काढता येतात.

पण रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले, की बेरीज शून्य येते. दोघांनी जोर वाढवला तरी शून्यच. दोर मात्र तुटू शकतो!

समुद्राचा दाखला याहून चिवट आहे. भरती आणणारे सूर्याचे बल चंद्राच्या निम्म्याहून थोडे कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती. बंदरातली मोजपट्टी कोणत्याही क्षणी पाण्याची एकच पातळी दाखवते. तरी बऱ्याच दिवसांच्या नोंदी मांडल्या, की १२ तासांची सूर्याची लय आणि सुमारे १२ तास २५ मिनिटांची चंद्राची लय वेगळ्या काढता येतात. भरतीची वेळापत्रके अशा सुट्या केलेल्या लयींवरूनच आधी तयार होतात. घटक बले ही निव्वळ कागदावरची सोय म्हणणाऱ्याला या २५ मिनिटांचा हिशेब द्यावा लागतो.