जिंकलो आपण, हरला तो

शास्त्रवाचन : लूक १५:२५-३२, २२:३१-३४



आपला आवडता फुटबॉल संघ जिंकला, की दुसऱ्या दिवशी भेटेल त्याला आपण आनंदाने सांगतो, "आपण जिंकलो!" वास्तविक आपण मैदानावर नव्हतो, चेंडूला आपला पायही लागलेला नसतो. तरीही त्या विजयात आपला वाटा आहे असे आपण धरून चालतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. प्रेमाची भाषाच तशी असते. परंतु तोच संघ हरला, की आपली भाषा बदलते. "त्यांनी सामना घालवला," असे आपण म्हणतो, आणि दोष एकाच खेळाडूच्या माथी मारता आला तर, "त्याने घालवला." एका रात्रीत 'आपण' जातो आणि 'तो' येतो. या लहानशा सर्वनामाकडे आज आपण लक्ष देऊ या, कारण पवित्र शास्त्रही त्याकडे लक्ष देते.

साखळी सामन्यात हरलेल्या संघाला पुढील सामन्यात भरपाई करता येते. बाद फेरीत ती सोय नाही; हरला तो घरी गेला. बरोबरी झाली तर तीस मिनिटे अधिक खेळायचे, आणि तरीही निर्णय लागला नाही तर पेनल्टी. गोलापासून बारा यार्डांवर चेंडू ठेवला जातो. समोर एकटा गोलरक्षक, आणि सर्व सोबती दूर मध्यरेषेवर उभे. दोन तास अकरा जणांचा असलेला खेळ क्षणात एकट्याचा होतो. हार सर्वांची असते. डोळ्यांना मात्र एकच माणूस दिसतो.

११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना इंग्लंड आणि इटली यांच्यात झाला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी देशभर अनेक घरांतले दिवे जळत होते. इंग्लंडने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. इटलीने तो उत्तरार्धात फेडला. एक-एक अशा बरोबरीनंतर पेनल्टीची वेळ आली. मार्कस रॅशफर्डचा चेंडू खांबावर आदळला. जेडन सँचोचा चेंडू गोलरक्षक दोन्नारुम्माने अडवला. शेवटी बुकायो साका पुढे आला. त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे. त्याचाही चेंडू अडला आणि इटलीने चषक नेला.

हे तिघेही कृष्णवर्णीय तरुण होते. काही तासांतच त्यांच्या वर्णावरून त्यांच्यावर घाणेरड्या शिव्यांचा वर्षाव झाला. संघ जिंकत होता तोवर ते इंग्लंडचे पुत्र होते. चेंडू अडताच त्यांचे पूर्वज कोठून आले याची काहींना आठवण झाली. माणूस चुकला की त्याच्या जन्माचा उद्धार कसा केला जातो, हे आपल्या देशात कोणाला निराळे सांगावयास नको. मँचेस्टरमधील विदिंग्टन येथे भिंतीवर रॅशफर्डचे मोठे चित्र होते. तेही त्या रात्री विद्रूप करण्यात आले. गरीब मुलांना शाळेतले जेवण मिळत राहावे म्हणून याच तरुणाने २०२० साली सरकारशी झुंज दिली होती. पुढे मात्र एक सुंदर गोष्ट घडली. लोक आले, आणि त्यांनी चिठ्ठ्या, कागदी हृदये व फुले लावून तो विद्रूप भाग झाकून टाकला. जणू ते म्हणत होते, हा अजूनही आमचाच आहे.

आता लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाकडे वळू या. धाकटा मुलगा सर्व उधळून घरी परतला आहे. आत मेजवानी चालू आहे, आणि थोरला बाहेर अंगणात रुसून उभा आहे. बापाशी बोलताना 'भाऊ' हा शब्द त्याच्या ओठांवर येत नाही. तो त्याला बापाचा मुलगा म्हणतो. नाते तुमचे, माझे नव्हे! बाप वाद घालत नाही. उत्तर देताना तो हळूच ते सर्वनाम दुरुस्त करतो आणि थोरल्याला आठवण देतो, की जो परत आला तो तुझा भाऊ आहे. आपल्या भाषेत 'हरलेला' आणि 'हरवलेला' यांत एकाच अक्षराचे अंतर आहे. हरलेल्याला आपण 'तो' म्हणून दूर सारले, की त्याला हरवायला वेळ लागत नाही.

त्या रात्री वेम्ब्लीवर रडणाऱ्या साकाला मिठीत घेणारा माणूस होता संघाचा प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट. पेनल्टी कोणी घ्यायची हे मी ठरवले, जबाबदारी माझी आहे, असे त्याने जगासमोर सांगितले. त्याला हे कसे सुचले? २६ जून १९९६ रोजी, त्याच वेम्ब्लीच्या जुन्या मैदानावर, जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याचीच पेनल्टी अडली होती आणि इंग्लंड बाहेर पडले होते. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. ती हार त्याने वर्षानुवर्षे वाहिली. म्हणूनच २०१८ साली मॉस्कोत इंग्लंडने कोलंबियाला पेनल्टीवर नमवले, तेव्हा आपल्या खेळाडूंचा जल्लोष चालू असता हा माणूस पेनल्टी चुकलेल्या कोलंबियाच्या मातेउस उरिबेला जवळ घेताना दिसला.

पेत्राचे असेच झाले नाही काय? अर्थात चेंडू अडणे हा अपराध नव्हे, आणि पेत्राचे नाकारणे हे पाप होते; हा भेद आपण विसरू नये. परंतु तो पडण्यापूर्वीच प्रभूने त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, आणि वळून परत आल्यावर आपल्या भावांना स्थिर करण्याचे काम त्याच्यावर सोपवले होते. पुढे सरोवराच्या काठी प्रभूने त्याची नुसती समजूत घातली नाही. त्याच्या हाती मेंढरे दिली. साकालाही पुन्हा चेंडू देण्यात आला. ६ जुलै २०२४ रोजी स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने बरोबरीचा गोल केला, आणि पेनल्टीची वेळ येताच तो पुन्हा त्या बारा यार्डांवर उभा राहिला. या वेळी चेंडू जाळ्यात गेला. तरीही आठ दिवसांनी अंतिम सामन्यात इंग्लंड स्पेनकडून हरलेच, आणि साउथगेट चषकाविनाच पायउतार झाला. माणसाला सावरण्याचे मोल चषकाने ठरत नाही.

कोणी विचारील, "मग पापाला पाप म्हणायचे नाही काय?" अवश्य म्हणावे. परंतु भाऊ समजून म्हणावे. मंडळीतील मुलगी परीक्षेत चमकली, की ती 'आपल्या मंडळीची' असते. मुलगा व्यसनात सापडला, की तो 'अमक्यांचा' होतो. धंद्यात बुडालेला बंधू, संसार मोडून माहेरी परतलेली भगिनी, ही माणसे प्रथम मागच्या बाकावर जातात, आणि मग एके रविवारी दिसेनाशी होतात. वाचकहो, तुमच्या मंडळीत आज कोणते बाक रिकामे आहे? या आठवड्यात त्या घरी जा. उपदेश बरोबर नेऊ नका. चहा घ्या, ऐका. आणि रविवारी त्यांना आपल्या शेजारी बसवा. योग्य वेळ येताच त्यांच्या हाती काही सेवाही सोपवा.

हे आपण का करावे? कारण आपलेही तारण असेच झाले आहे. मरणावरचा विजय ख्रिस्ताचा आहे. त्या मैदानावर आपण नव्हतो, तरी देव आपल्याला "आपण जिंकलो" असे म्हणू देतो. आणि आपली हार? तिच्याविषयी ख्रिस्ताने "ती त्यांची" असे म्हटले नाही. तो निष्पाप असून अपराध्यांत गणला गेला आणि आपले ओझे त्याने स्वतःचे म्हणून वाहिले. आपण जिंकल्यावर 'आपण' म्हणतो. त्याने आपण हरलो असताना 'आपण' म्हटले.

शिष्यांना प्रार्थना शिकवताना त्याने क्षमा एकट्यासाठी मागायला शिकवली नाही. 'आमच्या'साठी मागायला शिकवले. येत्या रविवारी ती प्रार्थना म्हणताना त्या शब्दावर क्षणभर थांबा. त्या 'आमच्या'त रिकाम्या बाकावरचा तो बंधू, ती भगिनी आहे. त्यांना बाहेर ठेवून ती प्रार्थना पुरी होणार नाही. प्रभू आपणांस तसे करण्यास कृपा देवो. आमेन.