उभा राहूनच ऐक

खुर्ची ओढू नकोस. उभा राहूनच ऐक.

चालू दाव्याबद्दल न्यायाधीशसाहेबांना पत्र लिहायला निघाला होतास ना? ‘माझ्या अशिलाची अडचण लक्षात घ्यावी’ म्हणून? शेजारच्या वकिलाने हात धरला म्हणून वाचलास. सनद घेताना बार कौन्सिलचे नियम वाचले होतेस, की नुसता काळा कोट शिवून घेतलास? प्रलंबित प्रकरणाबाबत न्यायाधीशांशी खासगीत संपर्क साधायला तिथे साफ मनाई आहे. पत्र नाही, फोन नाही, व्हॉट्सॲप नाही. ‘जिन्यात भेटले, सहज विषय काढला’ हेही नाही. जे सांगायचं ते अर्जात सांगायचं. अर्जाची प्रत समोरच्या वकिलाला द्यायची, पोच घ्यायची, त्याचं म्हणणं येऊ द्यायचं आणि मग सर्वांसमोर युक्तिवाद करायचा.

‘पण सर, तातडी होती!’ तातडी मला शिकवू नकोस. निशाणी ५ चा मनाईचा अर्ज आठव. भिंत पाडायला जेसीबी दारात उभा आहे, यापेक्षा मोठी तातडी कुठली? तरीही समोरच्याला न ऐकता मनाई हुकूम द्यायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९, रूल ३ प्रमाणे न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. हुकूम मिळाला की अर्जदाराने दावा, अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रं या सगळ्यांच्या प्रती विरुद्ध पक्षाला लगेच द्यायच्या, नाहीतर रजिस्टर पोस्टाने धाडायच्या. आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. घर पडतंय तिथेही कायदा समोरच्या माणसाला विसरत नाही. तुझ्या पत्राची काय मातब्बरी?

आता तुझा मुदतीचा अर्ज. ‘ठाण्यात दुसरं मॅटर असल्याने.’ शाबास! ऑर्डर १७, रूल १ उघड आणि मोठ्याने वाच. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय, हे तारीख मागण्याचं कारणच होत नाही. सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत नाही, हेही तिथेच लिहिलंय. २००२ पासून लागू आहे; तू तेव्हा पाटीवर गिरवत असशील.

हसतोस काय? ‘साहेब देतात हो सर.’ कैफियतीच्या मुदतीचंही तुझं तेच. प्रतिवादीची कैफियत ३० दिवसांत, कारणं नोंदवून मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. त्यावर २००५ चा कैलाश विरुद्ध नन्हकू तुला तोंडपाठ, कारण त्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा सक्तीची नाही म्हटलं. पण सवलत अपवाद म्हणूनच, कारणं लिहून, आणि हवा तर खर्चही बसवता येईल, हेही त्याच निकालात आहे. तेवढं पान तुझ्या प्रतीत नव्हतं का? व्यापारी दाव्यात असला हट्ट केलास तर १२० दिवसांनंतर कैफियत घेणारच नाहीत.

या तारखांची किंमत कोण मोजतो, ते बघ. मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या हस्ते मिरा रोडच्या हाटकेशला आपलं हे कोर्ट सुरू झालं. त्याआधी मिरा-भाईंदरच्या माणसाला ठाणं गाठावं लागे. घोडबंदरच्या कोंडीत बसमध्ये ताटकळा, नाहीतर लोकलने दादरला जाऊन गाडी बदला. पुकारा व्हायचा, नवी तारीख मिळायची, दिवसाची मजुरी बुडायची. आता तो माणूस रिक्षाने येतो आणि तू त्याला मुदत मागून परत पाठवतोस. काशिमिऱ्याची एखादी म्हातारी तुझ्या सोयीसाठी पुन्हा का यावी?

दाखल करण्याबद्दल फार बोलत नाही, लाज वाटते. ई-फायलिंगला उलटी स्कॅन केलेली पानं, पृष्ठांक नाहीत, यादी नाही. ज्या कागदांवर दावा उभा आहे ते दाव्यासोबतच द्यायचे असतात, ‘मागाहून देतो’ हा किराणा दुकानातला व्यवहार झाला. आणि पुढची तारीख विचारायला लिपिकाला दर दोन दिवसांनी फोन कशाला? सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाक, तारीख समोर येते. त्या बिचाऱ्याच्या टेबलावर तुझ्यासारख्या दहा जणांच्या हरकती पडल्या आहेत, त्या त्याला काढू दे.

मुदत मागितल्याबद्दल जो खर्च बसलाय, तो अशिलाच्या माथी मारायचा नाही. तुझ्या खिशातून भर. आणि तारीख कुणामुळे गेली, ते त्याला आजच स्वतःच्या तोंडाने सांग. निघ आता.