कल्हई करूनच ने

सातारा, गुरुवार

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप तुझ्या बाबाने मला मोठ्याने वाचून दाखवला. माळ्यावरच्या भांड्यांचे फोटो बघून तू लिहिलंस, "आत्या, किती साधं आणि सुंदर जगायचात तुम्ही! मला यातलं सगळं हवंय." वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? घर पाडायचं ठरलंय, नव्या इमारतीत माळा नाही, आणि मोडवाला दारावर येऊन भाव विचारून गेलाय. त्याच्या तराजूत जाण्यापेक्षा तुझ्या घरात गेलेलं केव्हाही चांगलं. पण राणी, नेण्याआधी थोडं ऐकून घे.

मुख्य सांगायचं ते आधीच सांगते. कल्हई केल्याशिवाय यातल्या एकाही पितळी भांड्यात काही शिजवू नकोस. तुझा उत्साह मला ठाऊक आहे. बॅग उघडल्या उघडल्या पातेलं घासशील, त्यात आमटी करशील, फोटो काढशील आणि उरलेली आमटी रात्रभर त्यातच ठेवशील. अगं, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक, काहीही आंबट त्यात राहिलं की तांबं उतरतं आणि पदार्थ कळकतो. हिरवट दिसतो, जिभेला कसंसंच लागतं, आणि पोटात गेला तर उलट्या. आमच्या लहानपणी एकदा पाहुण्यांसाठी केलेली कढी अशीच कळकली. आईने अख्खं पातेलं परसात ओतलं आणि ऐन वेळी पिठलं टाकलं. त्या दिवशी पाहुण्यांना काही कळलं नाही, पण पुढे कित्येक दिवस आई प्रत्येक भांडं उजेडात धरून आत बघायची. तूही तसंच बघत जा. आतून पांढरं दिसलं तर कल्हई आहे. पिवळं उघडं पडलं असेल तर गेली.

तुला कल्हईवाला आठवत नसणार. तुझ्या जन्मापर्यंत घरात सगळीकडे स्टील आलं होतं. आमच्या वेळी तो गल्लीच्या तोंडाशी जमिनीत खड्डा करायचा, भात्याची नळी त्यात सोडायचा आणि वर कोळसे रचायचा. भांडं चांगलं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. भप्पकन पांढरा धूर उठायचा, नाकात झणका जायचा. मग कथलाची कांडी आत नुसती टेकवायची. ती वितळते न वितळते तोच कापसाच्या बोळ्याने तो हात असा गरकन फिरवायचा की काळवंडलेलं पातेलं बुडापासून काठापर्यंत उजळत यायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र! आम्ही पोरं उकिडवी बसून बघत असायचो, घरून हाका आल्या तरी हलायचो नाही.

आता असा माणूस मिळणं मुश्कील झालंय. पुण्याला तांबट आळीत अजून काम चालतं, पण तुझ्या बाबाने इथेच एकजण शोधून काढला. गुडघा दुखतो म्हणून कुरकुरतो, पण तुझं काम म्हटल्यावर रिक्षा करून गेला. मी त्या माणसाला बजावलंय की शुद्ध कथीलच पाहिजे. कथील महाग, म्हणून काही जण त्यात शिसं मिसळतात, आणि शिसं पोटात जाणं कळकलेल्या कढीपेक्षाही वाईट.

आता तुझ्या त्या "साधं आणि सुंदर"बद्दल. साधं होतं, कबूल. सुंदरही होतं, पण घरातल्या सगळ्यांना सारखं नव्हतं. तांब्याचा बंब तुला दिवाणखान्यात ठेवायचाय ना? विमानात तेवढा डाग कसा नेणार ते तूच बघ, पण बंबाची गोष्ट नीट ऐक. आधी पाणी भरायचं, मगच विस्तव घालायचा, नाहीतर रिकामा बंब तापून सांधे सुटायचे आणि पुन्हा डाग द्यायला न्यावा लागायचा. मधल्या नळीत बंबफोड, करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे. पावसाळ्यात जळण ओलं, म्हणजे सगळ्या घरात धूर. हे सगळं करायला पहाटे कोण उठायचं? तुझी आजी. आजोबा, काका, आम्ही मुलं, आला-गेला, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की बंबात तळाशी जे कोमट पाणी उरायचं ते तिचं. बंबाचं तांबं चकाकताना दिसेल तेव्हा हेही आठव.

स्टोव्हचंही तेच. फोटोतला तो पितळी स्टोव्ह तुला गोड वाटला. मला तो बघितला की अजून रॉकेलचा वास येतो. पंप मारायचा, पिनेने भोक मोकळं करायचं, आणि तोंड मागे घेऊन काडी लावायची. त्या वर्षांत वर्तमानपत्रात बातमी ठरलेली असायची : स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. हा भडका नेमका सुनांच्याच अंगावर कसा येतो, असं बायका उघड विचारायला लागल्या, मोर्चे निघाले, आणि हुंड्यापायी होणाऱ्या छळासाठी १९८३ साली कायद्यात ४९८ अ हे कलम आलं. आमच्याकडे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर गॅस आला, तेव्हा आईने सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं. आम्ही हसलो. ती हसली नाही.

आणि पितळ मोडीत घालून स्टील घ्यायला सगळ्यात आधी कोण धावलं? घरोघरच्या बायकाच. चिंच आणि राखेने घासून घासून ज्यांच्या बोटांची सालं गेली, त्यांना पितळेचं कौतुक किती असणार? तुला ते आज हवंसं वाटतं, कारण ते रोज घासायची पाळी तुझ्यावर आली नाही. यात तुझा दोष नाही हो बाळा. तसं जगावं लागू नये म्हणूनच तर तुझ्या आजीने लेकीसुनांना शिकायला पाठवलं.

एक वस्तू फोटोत नाही, ती मुद्दाम सांगते. परसदाराच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप उपडा असायचा. भांडी घासायला यायच्या त्या मावशींचा. घरातली सगळी भांडी त्यांच्या हातून जायची, पण चहा मात्र त्यांना आमच्या कपातून नाही. चहा पिऊन झाला की तो कप त्या स्वतःच विसळायच्या आणि परत कोनाड्यात उपडा घालून जायच्या. हीसुद्धा त्या वेळची रीतच होती. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना मी म्हणते, आधी कसाला लावून बघा.

मग जपायचं काय, असं विचारशील. मला वाटतं, वस्तूंपेक्षा त्यांच्याभोवतीच्या दोन-चार चालीरीती ने. त्यांना वजन नाही आणि विमानतळावर कुणी अडवणार नाही. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही त्यातली पहिली. शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर परत देताना शिगोशीग. त्यांनी डब्यातून अळूच्या वड्या पाठवल्या, तर डबा परत जाताना त्यात काहीतरी जायचंच. घरात काही नसलं तर चार बत्तासे, नाहीतर झाडाचं एक सीताफळ. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी तुला केक दिला होता म्हणालीस. त्यांचा डबा परत केलास का? रिकामा?

दुसरी चाल पत्राची. तार २०१३ साली बंद झाली, तिचं मला काडीचं दुःख नाही. आमच्याकडे तार आली की ती उघडायच्या आधी रडारड व्हायची, आणि आत बघावं तर कुणी तरी पास झालेलं. पण १५ पैशांच्या कार्डावर माणसं किती मजकूर बसवायची! जागा संपली की कडेने, मग पत्त्याच्या बाजूला उरलेल्या पट्टीत, गाईला वासरू झालं इथपासून हळदीचा भाव काय निघाला इथपर्यंत. तुझ्या बाबाला तू नुसता अंगठा पाठवतेस. तो बिचारा त्या अंगठ्याकडे बघत बसतो. महिन्यातून एकदा त्याला चार ओळी हाताने लिही. काय जेवलीस, बर्फ पडला का, ऑफिसात कोण भांडलं, काहीही चालेल.

बरं, आता नेण्याचं. सगळं नेऊ नकोस. सामानाची मर्यादा २३ किलो आणि मेलं हे पितळ जड. शिवाय तुझी शेगडी इंडक्शनची, तिच्यावर पितळ आणि तांबं तापतच नाही, हे मला बाबाने सांगितलं. म्हणजे तुला ते पातेलं वाढायलाच वापरावं लागेल. वरण-भात वाढ, खीर वाढ, पण वाढलेलं त्यात मुक्कामाला ठेवू नकोस. पुढे कधी गॅस असलेलं घर मिळालं, तरी रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणजे कोरडं भांडं चुकून तापलं की कल्हई गेलीच म्हणून समज. लाकडी डाव वापर, आणि तारेच्या घासणीला तर हातच लावू नकोस.

मी तुझ्यासाठी एकच पातेलं काढून ठेवलंय, आजीच्या लग्नातलं. काठावरून बोट फिरवलंस तर बारीक ठोके लागतील. आजीच्या मामांचं नाव, गाव, आणि साल १९५२. त्यात पुढची कितीतरी वर्षं जिने आमटी केली, तिचं नाव कुठेच नाही. आता दुकानात मशिनने नाव घालून देतात. कल्हई झाली की मामांच्या नावाशेजारी आजीचं नाव घालून घ्यावं असं माझ्या मनात आहे. तुझी हरकत नसेल तर कळव, म्हणजे तसं सांगते.

इकडे बाकी सगळं ठीक. सीताफळाला यंदा फळ भरपूर आहे, पण बांधकामवाले ते झाड ठेवणार नाहीत. बिया सुकवून ठेवल्यात, कुणाकुणाला देतेय. दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या आवडीच्या कडबोळ्या करीन. तिकीट काढलंस की लगेच सांग, कल्हईवाल्याला आठवडाभर आधी सांगावं लागतं. थंडीत कानाला बांधत जा. रात्री उशिरापर्यंत जागू नकोस.

कळावे.
तुझी,
आत्या

ता. क. – आजीचा बिडाचा तवा मी बाजूला ठेवलाय. त्याला कल्हई लागत नाही, बूड सपाट आहे आणि तो तुझ्या इंडक्शनवरही तापेल. घावन छान होतात. फक्त धुतला की लगेच पुसून तेलाचा हात लाव, नाहीतर गंजेल.