पाहुण्यांची खोली

दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात तीन खोल्या मिळाल्या, की तिसरी पाहुण्यांची, असे आपण मराठी माणसे मनाशी ठरवून टाकतो. गावाकडून कोणी मुलाखतीला येते, कोणी औषधोपचाराला, कोणी काशीला जाता जाता वाट वाकडी करून. भोपाळास वा कोलकात्यास असलेल्या वाचकांचा अनुभव निराळा नसावा. पण आम्ही एकदा हिशेब केला, तेव्हा पाहुण्यांचे दिवस वर्षाकाठी चाळिसांवर गेले नाहीत. उरलेले सव्वातीनशे दिवस ती खोली कोणाची?

रिकामी राखणे परवडेना. हळूहळू तीत शिवणयंत्र आले, मुलीचे अभ्यासाचे टेबल आले, संगणक आला. खाट जाऊन पेटीचा पलंग आला आणि उन्हाळ्यात रजया त्याच्या पोटात राहू लागल्या. एक खोली चार कामे करू लागली, याचा आम्हांस अभिमानही वाटे. (कचेरीत तसा प्रसंग क्वचितच येतो.)

तो अभिमान २०१८ च्या डिसेंबरात गळून पडला. आत्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आल्या होत्या, अकरा दिवस राहिल्या. पथ्यपाणी, औषधे, गाडी, कशातही आम्ही उणे पडू दिले नव्हते. निघायच्या दिवशी सामान आवरू लागावे म्हणून खोलीत गेलो, तर आवरण्यासारखे काही नव्हतेच. पिशवी पलंगाच्या पायथ्याशी भरलेलीच होती. रोज पातळ काढायचे आणि वाळलेले घडी करून परत तीतच ठेवायचे, असे अकरा दिवस चालले होते.

"आत्या, कपाट का नाही वापरलंत?"

"कुठं ठेवणार रे? तुमचंच किती सामान त्यात. पोरीचा अभ्यास माझ्यापायी अडला, तेवढं पुरे झालं."

बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले.

कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला. यम तेव्हा घरी नव्हता. (फिरतीवर असावा, असे आपणा नोकरदारांस वाटले तर नवल नाही.) परतल्यावर त्याने रात्रीमागे एक असे तीन वर देऊन दोष फेडला. ते ऋण अन्नाचे होते. आमच्या घरी अन्न पोटभर होते. पण ज्या खोलीचा कप्पा न् कप्पा दुसऱ्याचा, तीत पाहुणा केवळ झोपतो, राहत नाही. तिथी ठाऊक नसलेला तो अतिथी, अशी फोड करतात. आता आगगाडीच्या आरक्षणाने तिथी आधीच कळते. तेव्हा तयारीला अवधी मिळाला नाही, ही सबबही उरली नाही.

मग खोली वर्षभर मोकळी ठेवावी काय? तसे केल्यास मुलीने बारा महिने जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायचा. म्हणजे आतिथ्य आमचे आणि त्याची किंमत तिच्या खिशातून. जे आपले नाही ते दान करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आम्हांस वाटते, खोलीने चार कामे करण्यात दोष नाही. पाहुणा आला असता त्यांतील कोणते हलते आणि ते कोणाला जाचते, एवढेच पाहावे. बोलावणारे आम्ही, तर अडचणही आमचीच असावी.

त्या हिशेबाने कपाटाचे मधले दोन कप्पे रिकामे केले. तेथे आमचे जुने मासिकांचे अंक होते. ते देऊन टाकताना जीव खालीवर झाला, हे लपवत नाही. दाराला दोन खुंट्या मारल्या.

येत्या फेब्रुवारीत नाना यायचे आहेत आणि त्याच महिन्यात मुलीची परीक्षा आहे. तिचे टेबल आमच्या खोलीत जाईल, आम्ही बैठकीतील दिवाणावर झोपू. नाना येण्याआधीच हे सारे हलवायचे, म्हणजे त्यांना काही जाणवणार नाही, असे आम्ही सांगत होतो. मुलगी म्हणाली, "आणि नानांनी विचारलं, तुम्ही बाहेर का झोपता, तर काय सांगायचं?"

त्यावर अजून घरात एकमत झालेले नाही.