नावडत्या सरकारची दुसरी पसंती

दुकानातून वाढदिवसाचा केक विकत घेतला, तर नव्या करामुळे तो महाग पडेल की स्वस्त? मार्च १९९३ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत माइक विलेसी यांनी हा कर आणू पाहणारे ऑस्ट्रेलियाचे विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन यांना असा साधा प्रश्न विचारला. ह्यूसन मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. केकवर आइसिंग आहे का, मेणबत्त्या आहेत का, या तपशिलात ते अडकत गेले. त्या वेळी बेकारी ११ टक्क्यांच्या घरात होती आणि पंतप्रधान पॉल कीटिंग लोकांच्या मनातून उतरले होते. तरीही १३ मार्चला कीटिंग यांचा लेबर पक्ष जिंकला, आणि तोही जागा वाढवून.

नावडतीचे मीठ अळणी, या न्यायाने नावडते सरकार पडतेच, असा समज त्याआधी पक्का होता. १९३१ मध्ये महामंदीच्या तडाख्यात जेम्स स्कलिन यांचे सरकार पहिल्याच कार्यकाळानंतर कोसळले, तो या समजाचा मोठा आधार. मात्र त्यानंतर एकाही केंद्र सरकारला पहिल्याच खेपेला घरी जावे लागलेले नाही.

म्हणजे नाराजी खोटी असते असे नाही. ‘लोक बेसबॉलची बॅट घेऊन व्हरांड्यात वाट बघत बसलेत’ अशा आशयाचे क्वीन्सलंडचे नेते वेन गॉस यांचे वर्णन तिथे गाजले, आणि १९९६ मध्ये कीटिंग खरोखरच हरले.

पुढे नाराजी मोजायची मोजपट्टीच तयार झाली. २०१५ मध्ये पंतप्रधान टोनी अॅबट यांना आव्हान देताना त्यांच्याच पक्षाच्या माल्कम टर्नबुल यांनी सलग ३० ‘न्यूजपोल’ जनमत चाचण्यांमधली पिछाडी पुढे केली. टर्नबुल पंतप्रधान झाल्यावर २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांचाही तोच आकडा भरला आणि ऑगस्टमध्ये पक्षाने त्यांना हटवले. पण मे २०१९ मध्ये सगळ्या चाचण्या लेबरच्या बाजूने असताना त्यांच्या जागी आलेल्या स्कॉट मॉरिसन यांच्या आघाडीने १५१ पैकी ७७ जागा जिंकल्या. मोजपट्टी चुकली.

याचे एक कारण मतदानाच्या पद्धतीत आहे. १९२४ च्या कायद्याने मतदान सक्तीचे झाले, त्यामुळे सरकारवर रुसून घरी बसण्याची सोय नाही. कनिष्ठ सभागृहाची हिरवी मतपत्रिका हातात आली की प्रत्येक उमेदवारापुढे १, २, ३ असे क्रमांक घालावे लागतात. कुणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. सरकारवर चिडलेला माणूस पहिला क्रमांक तिसऱ्यालाच देऊ शकतो. पण सरकार आणि विरोधक यांतला कमी नकोसा कोण, हे त्याला त्याच कागदावर ठरवावेच लागते. मनातल्या रागाला अशी तुलनेची शिस्त लावणारी ही पद्धत लोकशाहीच्या हिताची आहे.

म्हणूनच पुढच्या निवडणुकीत एखादे नावडते सरकार तरेल का, हे पाहताना पंतप्रधानांची लोकप्रियता तपासून भागत नाही. समोरचा पर्याय लोकांना विश्वासाचा वाटतो का, हे आधी पाहावे. २०२२ मध्ये तसा पर्याय दिसला आणि मॉरिसन गेले. २०२५ च्या सुरुवातीला अँथनी अल्बनीज यांचे सरकार चाचण्यांत मागे होते. ३ मे रोजी त्यांच्या पक्षाला पहिल्या पसंतीची जेमतेम ३५ टक्के मते पडली, पण जागा मिळाल्या १५० पैकी ९४, आणि विरोधी पक्षनेते पीटर डटन स्वतःच्या मतदारसंघात हरले.