दुखावले कोण?

प्रिय धर्मग्रामस्थ बंधुभगिनींनो,

मागील रविवारी मिस्सानंतर आपल्या काही तरुणांनी आम्हाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. एक विनोदवीर कुमसाराची टिंगल करीत होता. ‘‘फादर, पोलिसांत तक्रार देऊ या का?’’ असा त्यांचा सवाल. त्या वेळी आम्ही उत्तर टाळले.

२००६ साली ‘द दा विंची कोड’ चित्रपट आला तेव्हा आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. प्रभू येशूचा विवाह झाला होता, अशी त्यातील कल्पित कथा. मुंबईत आपल्या लोकांनी निदर्शने केली. एका कॅथलिक माजी नगरसेवकाने तर लेखकाला जिवंत वा मृत आणून देणाऱ्यास ११ लाखांचे बक्षीस जाहीर केले! कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडून सेन्सॉर मंडळाने तो केवळ प्रौढांसाठी संमत केला. तरीही गोवा, तमिळनाडू, आंध्र प्रदेश अशा काही राज्यांनी बंदी घातली. तमिळनाडू व आंध्रची बंदी पुढे तेथील उच्च न्यायालयांनी उठवली. त्या चित्रपटामुळे श्रद्धा गमावलेला माणूस आम्हाला आजवर भेटलेला नाही. ११ लाखांची बातमी मात्र जगभर गेली.

याचा अर्थ दुःख खोटे असते असा नाही. आईची कोणी टवाळी केली तर मुलाला लागणारच. प्रश्न आहे तो पुढे काय करायचे याचा. २०१५ साली ‘एआयबी’च्या विनोदवीरांनी मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांची भेट घेऊन ख्रिस्ती समाजाची माफी मागितली. पण तेव्हा त्यांच्यामागे पोलीस तक्रारींचाही ससेमिरा होता. ती माफी मनापासून किती आणि धाकाने किती, हे देव जाणे. धाकाने मिळालेल्या माफीने मन निवते का?

शिवाय दुखावलेल्या भावनेला मोजमाप नाही. एखाद्या समाजाविरुद्ध हिंसेची चिथावणी दिली तर ती दाखवता येते, सिद्ध करता येते. तेथे कायद्याचे दार जरूर ठोठवावे. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे मात्र ज्याचा आवाज मोठा त्याचेच ऐकले जाते. या राज्यात आपण मूठभर. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, त्यांच्या निवडीला ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून काहींनी विरोध केला. त्यांच्याही भावनाच दुखावल्या होत्या. आपण २००६ मध्ये उचललेले शस्त्र तेच होते.

आणि आपल्या प्रभूवरचा आरोप तरी कोणता होता? प्रमुख याजक कयफाने आपली वस्त्रे फाडली, ती ‘दुर्भाषण’ ऐकून. त्या सभेत दुखावलेले सगळे धर्मनिष्ठच होते. आपली ख्रिस्तसभाही काही वेगळी राहिली नाही; निषिद्ध पुस्तकांची यादी तिने चारशे वर्षे चालवली आणि १९६६ साली बंद केली.

तेव्हा तरुणांनो, तक्रार नको. त्या विनोदवीराला पत्र लिहायचे असेल तर मजकुराला आम्ही मदत करू. कुमसार म्हणजे काय, हे त्यालाही कळू दे.

या निमित्ताने एक आठवण. गेल्या नाताळच्या गॅदरिंगमध्ये आपल्या नाटुकलीत जालन्याकडून पिरंगुटला कामाला आलेल्या बाईच्या बोलीची नक्कल होती. सभागृह हसले, आम्हीही हसलो. तिसऱ्या रांगेतील एक मावशी मात्र मधूनच उठून गेल्या. त्यांनी कुठेही तक्रार केली नाही. नंतरचे दोन रविवार त्या मिस्साला दिसल्या नाहीत. आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा केला, पण त्या विषयावर बोलल्या नाहीत.

यंदाची संहिता आधी आम्हाला दाखवा, असे सांगणार होतो. मग वाटले, हा तर आमचाच सेन्सॉर झाला. त्यापेक्षा तालमीला मावशींना बोलवा. त्यांच्या बोलीत त्या आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त हसवतात, हे आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून ऐकले आहे.

– आपले फादर